कुलूप लावून तरुण सुरक्षित होतात काय?

कुठे रात्री अपघात झाला, कुठे खून पडला की दुसऱ्या दिवशी एक मागणी हटकून पुढे येते: बार, हॉटेले, चहाच्या टपऱ्या लवकर बंद करा. सोलापूरकरही याला अपवाद नाहीत. आईबापांच्या काळजीतून आलेल्या या मागणीची टिंगल करणे आपल्या कार्यकर्त्यांना शोभणार नाही. परंतु ती तपासून घेतलीच पाहिजे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीने मध्य प्रदेशातून आलेल्या दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. गाडी चालविणाऱ्या मुलाला अठरावे वर्ष पुरे झालेले नव्हते. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तो त्या रात्री दोन मद्यालयांत जाऊन आला होता. या राज्यात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ ही वयोमर्यादा आहे. म्हणजे घड्याळात कितीही वाजले असते तरी त्याच्यापुढे पेला ठेवणे बेकायदाच होते. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. मद्यालय दोन तास आधी बंद झाले असते तर यातले काय टळले असते? मोटार थोडी लवकर रस्त्यावर आली असती, एवढेच.

वेळेच्या बंधनाने काहीच साधत नाही, असे मात्र नव्हे. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल शहरात २००८ साली पहाटेची वेळ आवरती घेतल्यावर मारामाऱ्या घटल्या. त्याच देशात १९१६ पासून कित्येक वर्षे काही राज्यांत सायंकाळी सहालाच मद्यालये बंद होत, तेव्हा कामावरून सुटलेले लोक शेवटच्या तासाभरात घटाघटा पिऊन एकदमच रस्त्यावर येत.

दारूधंद्याची तरफदारी आम्हांला करावयाची नाही. ८ मे १९३० रोजी याच सोलापुरात लोकांनी शिंदीची झाडे तोडली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शहर मार्शल लॉखाली गेले. लोकांनी हाती घेतलेली कुऱ्हाड आणि वरून सुटलेला हुकूम यांतला फरक या शहराला कोणी शिकवायला नको.

हुकूम कोणावर चालतो, हे २००५ मध्ये दिसले. तरुण पिढी वाचविण्याच्या नावाने डान्स बार बंद झाले. तारांकित हॉटेलांना मोकळीक राहिली. २००६ मध्ये उच्च आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी अमान्य केली, त्याचे एक मुख्य कारण हा भेदभावच होते. मधल्या काळात त्या बायकांची चूल कशी पेटली, याची चौकशी बंदी घालणाऱ्यांनी केल्याचे स्मरत नाही.

सोलापूर तर रात्री जागणाऱ्यांचेच गाव. गिरण्यांचे भोंगे थांबले, तरी यंत्रमागावर रात्रपाळी चालते. पाळी सुटलेल्या पोराने मध्यरात्री चहा कुठे प्यावा? त्याला दंडुका दाखविणाऱ्या शिपायाला परमिट रूमचे मागचे दार बरे दिसत नाही! आणि घरी जावे कशाने? महापालिकेच्या बससेवेची अवस्था आपण जाणतोच.

राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी, सुरक्षितता हवी आणि घरापर्यंत वाहनही हवे. हे कलम किती हॉटेलमालकांनी वाचले आहे? शहर शाखेने वॉर्डावॉर्डांतून ही माहिती गोळा करावी: भांडी घासणारी बाई रात्री कशाने घरी जाते, वाढप्याला किती तास राबावे लागते, आणि परमिट रूममध्ये गिऱ्हाइकाचे वय कोणी विचारते काय. ती घेऊन कामगार आणि उत्पादन शुल्क या दोन्ही कार्यालयांत शिष्टमंडळ न्यावे. शटर किती वाजता पडावे, हे त्यानंतर बोलू.