नंबर माझा, नाव माझं, आणि परवानगी दिली कोणी?



भाच्याला धुळ्यात शिकायला ठेवायचं होतं. देवपुरात एका घरावर "खोली भाड्याने देणे आहे" अशी पाटी दिसली. संध्याकाळी फोन लावला. उचलला नाही. परत लावला तर म्हणे, "खोली गेली हो भाऊ." दोन दिवसांनी मित्राने त्याच्या फोनवरून लावला, खोली रिकामीच! मित्राचं आडनाव वेगळं, एवढाच फरक. तो बघायला गेला तेव्हा मालकाने मोठ्या कौतुकाने सांगितलं, "आता बरं झालं, नाव आधीच दिसतं. कोण शे, कोणाचा शे, समजी जास."

मी मित्राच्या मोबाइलवर स्वतःचा नंबर टाकून पाहिला. माझं नाव, आडनाव आणि पुढे "समाज मेळावा". चार वर्षांपूर्वी आमच्या वधूवर मेळाव्याची नोंदणी मी करायचो, तेव्हा कुणीतरी मला तसं सेव्ह केलं असणार. ते अ‍ॅप मी आयुष्यात कधी घेतलेलं नाही. तरी माझी जात एका अनोळखी माणसाच्या हातात रिंग वाजायच्या आत पोचली होती.

या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव ट्रूकॉलर. २००९ साली स्वीडनमध्ये निघालेली कंपनी, पण तिचे बहुतेक गिऱ्हाईक आपण भारतातले. कंपनी म्हणते, आम्ही परवानगीशिवाय काही घेत नाही. अहो, पण परवानगी कोणाची? अ‍ॅप घेतो शेजारी, "अलाऊ" दाबतो शेजारी, नाव सुचवतो तिसराच, आणि जगाला दिसतो मी. माझ्या शेताचा सातबारा शेजाऱ्याच्या सहीने विकला तर तुम्ही गप्प बसाल का?

"पण फ्रॉड कॉल कळतात ना" असं लोक म्हणतात. कळतात, खरं आहे. लाइट बिल भरलं नाही, केवायसी संपली असं सांगून आपल्या किती म्हाताऱ्या माणसांना लुबाडलं, हे मलाही माहीत आहे. पण चोराचा नंबर चोर म्हणून दाखवायला नवीपेठेत ब्लाउज शिवणाऱ्या ताईचं नाव कशाला लागतं? तो चोर तर आठ दिवसांत सिम बदलतो. नंबर बदलत नाही ती ताई, कारण तिची सगळी गिऱ्हाइकं त्याच नंबरवर.

जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत नावं असायचीच की, हाही मुद्दा निघतो. डिरेक्टरीत नाव शोधून नंबर मिळायचा. इथे उलटं आहे. रिक्षावाला, कुरियरवाला, रिचार्जवाला, कोणाच्याही हाती नंबर पडला की मागून नाव निघतं. २०१७ साली उत्तर प्रदेशात रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे नंबर ५० ते ५०० रुपयांना विकले जातात, अशा बातम्या आल्या होत्या. आणि जळगावकरांनी तर १९९४ विसरूच नये. बायकांची खासगी गोष्ट भलत्याच्या हाती पडली की काय होतं, ते या शहराने पाहिलेलं आहे.

एकट्या ट्रूकॉलरला शिव्या देऊन भागत नाही. यूपीआयवर कोणाचाही नंबर टाका, बँकेतलं पूर्ण नाव समोर. एक रुपयाही पाठवायची गरज नाही! आता सरकारी सोयही येते आहे. ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये शिफारस केली की सिमच्या फॉर्मवरचं नाव फोन घेणाऱ्याला दिसावं. त्यात निदान नाव खरं असेल. पण आपल्याकडे निम्म्या घरांत बाईचं सिम नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या नावावर. म्हणजे बाईने फोन लावायचा आणि दिसायचा नवरा. आणि आडनाव तर तिथेही दिसणारच. खोलीवाल्या काकांची सोय सरकारी खर्चाने.

सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. डेटा संरक्षणाचा कायदा आला २०२३ मध्ये, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि संमतीच्या मुख्य तरतुदींना त्यापुढे आणखी दीड वर्षाची मुदत. कंपन्यांना तयारीला वेळ हवा म्हणे. आपल्याला कोणी वेळ दिला होता?

माझं म्हणणं साधं आहे. ज्याचा नंबर, त्याची संमती. त्याने स्वतः हो म्हटल्याशिवाय नाव दिसता कामा नये. आज उलटं चाललंय, नाव काढायचं असेल तर मीच कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन अर्ज करायचा. मी केला. अ‍ॅपवर खातं असेल तर आधी ते बंद करावं लागतं, मग नंबर काढायची विनंती टाकायची. तुम्हीही करा, घरातल्या बायामुलींचे नंबरही काढा. आणि अ‍ॅप वापरायचंच असेल तर त्याला फोनबुकची परवानगी देऊ नका. त्यात तुमच्यापेक्षा आमचीच नावं जास्त आहेत.

भाच्याला दुसरीकडे खोली मिळाली. त्या मालकाचा नंबर कृपया इनबॉक्समध्ये मागू नका, देणार नाही.