निरोपाची शाल आणि निवृत्तीचा हिशेब

एप्रिल सरत आला की गावोगावच्या आणि शहरी वस्त्यांमधील अंगणवाड्यांत निरोप समारंभ होतात. शाल, श्रीफळ, चार भाषणे आणि सेविकेने सांभाळलेल्या मुलांच्या आयांचे पाणावलेले डोळे, असे त्यांचे साधे स्वरूप असते. केंद्र सरकारच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांसाठी 65 वर्षांची वयोमर्यादा व 30 एप्रिल ही निवृत्तीची तारीख ठरवून दिली. दोन-तीन दशकांच्या सेवेनंतर होणारा हा सन्मान मनापासूनचा असतो, यात शंका नाही. मात्र समारंभ आटोपल्यावर त्यांच्या पदरात काय पडते, हा प्रश्न उरतोच.

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे 14 लाख आणि महाराष्ट्रात सुमारे 1 लाख 10 हजार अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या सहा सेवा तेथून दिल्या जातात. करोनाकाळात घरोघरी जाऊन सर्वेक्षण करण्याचे कामही याच स्त्रियांकडे आले आणि 2021 पासून पोषण ट्रॅकरवरील नोंदींची त्यात भर पडली. राज्यातील सेविकांनी निकृष्ट मोबाइल शासनाला परत केले, तेही त्याच वर्षी.

काम असे पूर्णवेळ असले तरी सरकारदरबारी त्या ‘मानसेवी’ आहेत. अंगणवाडी सेविकेचे पद हे नागरी सेवेतील पद नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये कर्नाटकातील एका प्रकरणात दिला. त्यामुळे वेतनाऐवजी मानधन ही व्यवस्था कायम राहिली. केंद्राने ऑक्टोबर 2018 पासून सेविकेचे मानधन 3,000 वरून 4,500 रुपये केले. त्यात राज्ये आपली भर घालतात. महाराष्ट्राच्या 2023 च्या अर्थसंकल्पात ही एकूण रक्कम 8,325 वरून 10,000 रुपयांवर नेण्यात आली. पुढेही वाढ झाली. परंतु मासिक निवृत्तिवेतनाचा प्रश्न तसाच राहिला. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यात झालेल्या प्रदीर्घ संपात मानधनवाढीइतकाच ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतनाचा आग्रह होता, तो यामुळेच.

या वादाला 25 एप्रिल 2022 रोजी कलाटणी मिळाली. गुजरातमधील सेविकांच्या अपिलांवर न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र असल्याचा निकाल दिला. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यामुळे अंगणवाडीचे काम वैधानिक स्वरूपाचे झाले आहे, ते अर्धवेळ म्हणता येणार नाही आणि मानधन हे कायद्याच्या अर्थाने वेतनच ठरते, असे न्यायालयाने म्हटले.

या निकालाचे मोल आकड्यांत पाहता येते. ग्रॅच्युइटीचे सूत्र सेवेच्या प्रत्येक वर्षाला 15 दिवसांचे वेतन असे आहे. महिन्याचे 26 दिवस धरले, तर 10,000 रुपये मानधनावर 30 वर्षे सेवा केलेल्या स्त्रीची रक्कम सुमारे 1 लाख 73 हजार रुपये होते. महाराष्ट्राने गेल्या दशकात सेविकेसाठी निवृत्तीच्या वेळी 1 लाख रुपये एकरकमी देण्याची तरतूद केली होती. दोन्ही रकमांत अंतर आहेच. पण पहिली हक्काची आहे आणि दुसरी शासनाच्या निर्णयावर अवलंबून आहे, हा फरक अधिक मोठा आहे.

खरा पेच पैसे कोणी द्यायचे, हा आहे. योजनेच्या खर्चात केंद्र आणि राज्याचा वाटा 60:40 असा आहे. राज्याने दिलेली वाढ मात्र सर्वस्वी राज्याच्या तिजोरीवर पडते. मानधन जितके वाढेल, तितका ग्रॅच्युइटीचा भारही वाढेल. ही वित्तीय अडचण खोटी नाही. परंतु तिचा भार 65 वर्षांच्या स्त्रीने सोसावा, हे न्यायाला धरून नाही. त्यातच 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा तिच्यात विलीन झाला. निकाल जुन्या कायद्याखालचा होता, या सबबीखाली वाद नव्याने उकरला जाऊ नये, याची दक्षता शासनालाच घ्यावी लागेल.

योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, अशी शिफारस भारतीय श्रम परिषदेने 2013 मध्येच केली होती. कुपोषणाशी लढणारी यंत्रणा ज्यांच्या बळावर उभी आहे, त्यांना निवृत्तीच्या दिवशी रकमेचा धनादेश आणि सेवेची रीतसर नोंद मिळाली, तर निरोपाच्या भाषणांनाही वजन येईल. तोवर शाल-श्रीफळाचा मान हा गावाचाच राहील, शासनाचा नव्हे.