शांतिधारेचा लिलाव नको



दशलक्षण पर्व जवळ आलं की व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका फिरायला लागतात. विधान कोणतं, संगीतकार कुठले, भोजनाची व्यवस्था कुठे, आणि सगळ्यात खाली एक ओळ असते, की इंद्र-इंद्राणीचे मान आणि शांतिधारा बोलीने दिली जाईल. त्या एका ओळीबद्दल आज स्पष्ट लिहिते आहे. भगवंतासमोर माईक हातात घेऊन पूजेच्या मानाचा लिलाव करणं बंद व्हायला हवं. आणि ते बंद करायची सुरुवात आपण बायकांनीच करायला हवी.

गेल्या वर्षी एका विधानात मी मुद्दाम घड्याळ बघत बसले होते. सकाळी साडेसातला सुरुवात झाली, साडेअकराला आरती झाली. या चार तासांत बोलीला किती वेळ गेला असेल? एक तास चाळीस मिनिटं! हातात कलश घेतलेली माणसं ताटकळत उभी. संगीतकार मध्येच पूजा थांबवतो, की-बोर्डवर एखाद्या चालू सिनेमातल्या गाण्याची चाल धरतो आणि सुरू होतं, "एकवीस हजार एक वार, एकवीस हजार दोन वार, अहो पुण्याची संधी पुन्हा येणार नाही!" आकडा चढला की ढोलक जोरात. आकडा अडला की कोणाच्या तरी वडिलांचं नाव घेऊन भर सभेत चिमटा. द्यानतरायजी, भूधरदासजींनी आपली पदं रागदारीत बांधली. ती पदं गाणारा माणूस आता आपल्याला सापडत नाही, पण बोली चढवणारा गायक मात्र महिनोन्‌महिने आधी बुक करावा लागतो.

त्यातही मला सगळ्यात जास्त खटकतं ते दुसऱ्या दिवशी. दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा, म्हणजे मान कषाय सोडण्याचा. सकाळी प्रवचनात मान सोडा म्हणून ऐकायचं आणि त्याच मांडवात अर्ध्या तासाने मान विकत घ्यायचा. मुलं हे सगळं बघत असतात. हल्ली तर ते यूट्यूबवर लाइव्ह असतं आणि संध्याकाळी बोलीची तेवढी क्लिप कापून ग्रुपवर येते. प्रवचनाची क्लिप क्वचित येते. माझ्या नातीने विचारलं, "आजी, ज्यांनी जास्त पैसे दिले ते काका जास्त धार्मिक का?" तिला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा.

मी कॉमर्स शिकलेली बाई. लिलाव कशाचा होतो हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. वस्तू एक आणि घेणारे अनेक असतील तर. भक्तीचं तसं आहे का? शांतिधारेचं पुण्य एकाने घेतलं म्हणून दुसऱ्याचं संपत नाही. अनुमोदना करणाऱ्यालाही पुण्य आहे, असं आपलंच शास्त्र सांगतं. मग टंचाई आली कुठून? "पहिला कलश", "मुख्य शांतिधारा" अशी नावं देऊन ती आपणच तयार केली. विकली जाते ती पूजा नाहीच, विकला जातो पहिला नंबर.

यावर लोक काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

पहिलं, "बोली बंद केली तर मंदिर कसं चालणार?" प्रश्न खरा आहे. पुजाऱ्यांचा पगार, वीजबिल, जीर्णोद्धार, त्यागींची व्यवस्था, कशालाच पैसे लागत नाहीत असं मी म्हणत नाही. पण उभ्या उभ्या बोललेली रक्कम म्हणजे जमा नव्हे. ती येणे असते. किती मंदिरांच्या वह्यांत वर्षानुवर्षांची येणे बाकी पडून आहे, ते आपापल्या खजिनदारांना विचारा. टाळ्या त्या दिवशी वाजतात आणि वसुलीसाठी खजिनदार वर्षभर फोन करतो. त्यापेक्षा दरमहा ठरलेली लहान रक्कम बँकेतून परस्पर जमा करणारी शंभर घरं कितीतरी भरवशाची.

दुसरं, "ही जुनी परंपरा आहे." असेल. आपल्या श्वेतांबर बहिणींकडे अजून काही ठिकाणी बोली तुपाच्या मणांत बोलली जाते, इतकी ती जुनी आहे. पण जुनं तेवढं सगळं धर्म नसतं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाचा विचार आला आहे. दानाचं वैशिष्ट्य कशावरून ठरतं, तर विधी, द्रव्य, दाता आणि पात्र यांवरून. या चारांत कुठेही शेजाऱ्यापेक्षा एक हजार जास्त, असं नाही.

तिसरं, "त्या निमित्ताने हातून पैसा सुटतो." सुटतो, कबूल. पण तो ईर्ष्येने सुटला तर त्याला त्याग म्हणायचं का? माझ्या ओळखीच्या एका घरात मुलाच्या कॉलेजची फी भरायला उशीर झाला होता. त्याच महिन्यात भावकीसमोर मान राहावा म्हणून बोली घेतली गेली. माईकवर नाव परिवाराचं झालं आणि घरात त्या बाईने वर्षभर काटकसर केली. मुकुट घालून इंद्राणी म्हणून ती बसली होती तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे मी बघू शकत नव्हते.

आता आपल्याच कथा आठवा. श्रवणबेळगोळला चामुंडरायाने गोमटेश्वराची 58 फुटी मूर्ती उभी केली आणि अभिषेकासाठी दुधाचे घडेच्या घडे आणले. दूध कमरेखाली उतरेना. मग एक म्हातारी फळाच्या छोट्या कवचातून एवढंसं दूध घेऊन आली आणि तेवढ्याने भगवंतांचे चरण भिजले. त्या गुळ्ळकायज्जीची मूर्ती आजही गोमटेश्वरासमोर उभी आहे. आपण तिथे जातो, तिच्याबरोबर फोटो काढतो आणि घरी येऊन पुन्हा चामुंडरायाच्याच रांगेत उभे राहतो. चंदनेचंही तेच. साखळदंडात असलेल्या त्या मुलीकडे देण्यासारखं काय होतं? तरी महावीर भगवंतांचा आहार तिच्या हातून झाला. कौशांबीत त्या दिवशी बोली असती तर तो मान नगरशेठलाच गेला असता.

पैसा उभा करायचे दुसरे मार्ग आपल्या मातीत होते. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजच्या जैन घरात जन्मले. त्यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या कामाच्या गोष्टींत मुष्टिफंड येतो. घरोघरी बायका धान्यातली एक मूठ बाजूला काढायच्या आणि त्यावर मुलं शिकायची. लक्ष्मीबाईंनी तर वसतिगृहातल्या मुलांसाठी आपले दागिने विकले. त्यासाठी कोणी माईकवर त्यांचं नाव तीन वेळा पुकारलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. शांतिधारा आणि कलश चिठ्ठी टाकून द्या. ज्याला करायची इच्छा आहे त्याने नाव द्यावं, लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी उचलावी, भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबालाही पहिला कलश मिळू दे. ज्याला दान द्यायचं आहे त्याने कार्यालयात देऊन पावती घ्यावी. आयकरात 80जी ची सवलत हवी असेल तर 2,000 रुपयांवरची रोख रक्कम त्यात धरली जात नाही, म्हणून चेकने किंवा ऑनलाइन द्यावं. आणि किती आले, किती गेले, किती येणे आहेत, हे मंदिराच्या फलकावर दर तीन महिन्यांनी लावावं. नोंदणीकृत ट्रस्टला हिशोब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यावेच लागतात. मग तेच आकडे समाजाला दाखवायला संकोच कशाचा?

हे ट्रस्टी मंडळी आपणहून करतील असं मला वाटत नाही. पण मंदिरातली चौक्याची तयारी, द्रव्य धुणं, पाहुण्यांचं जेवण, रांगोळी, मंगलकलश घेऊन मिरवणुकीत चालणं, हे सगळं कोण करतं? महिला मंडळाने एक साधा ठराव करावा आणि पर्वाआधीच्या सभेत लेखी द्यावा, की या वर्षी चिठ्ठी. नाही ऐकलं तर मुकुट घालून इंद्राणी म्हणून बसायला आपल्यातली एकही उठणार नाही. इंद्राणीशिवाय सौधर्म इंद्राची बोली कोण लावतो ते बघूया.