गिऱ्हाइकांची वही कोणाकडे?

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. रत्नागिरीजवळच्या एका परिचित बागायतदाराच्या पडवीत आंब्याच्या पेट्या भरून ठेवल्या होत्या, पेंढ्याचा वास घरभर दरवळत होता, आणि घरधनी हातातला फोन पुन्हापुन्हा उघडून बघत होते. आदल्या रात्री त्यांना एक मेसेज आला होता. तुमच्या पानावर कॉपीराइटची तक्रार आहे, चोवीस तासांत खुलासा करा, नाहीतर पान कायमचे बंद होईल. खाली लिंक. घाबरून त्यांनी ती उघडली, पासवर्ड टाकला, पाठोपाठ आलेला ओटीपीही टाकला. सकाळी पान दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात गेले होते. बागेचे फोटो गेले, फॉलोअर गेले. पण खरे नुकसान वेगळेच होते. कोणाला किती डझन लागतात, कोणाच्या घरी पिकलेला आंबा चालतो आणि कोणाला कच्चाच हवा, पुण्या-मुंबईचे पत्ते, फोन नंबर, हे सगळे त्या पानाच्या इनबॉक्समध्ये होते. तक्रार केली, ओळखपत्राचा फोटो पाठवला. उत्तराला काही आठवडे लागतील असे कळले. झाडावरचा आंबा आठवडे थांबत नाही.

छोट्या व्यावसायिकांना हल्ली डिजिटल मार्केटिंग शिकवणारे पुष्कळ भेटतात. रील कसे करावे, हॅशटॅग कोणते लावावेत, पोस्ट किती वाजता टाकावी, हे सगळे सांगितले जाते. या विषयाचा पहिला धडा मात्र बहुतेक वेळा राहूनच जातो. तो एका प्रश्नाचा आहे: गिऱ्हाइकांची वही कोणाकडे आहे?

कोकणातल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागू नये. पिढ्यान् पिढ्या इथला आंबा मुंबईच्या बाजारात अडत्याकडे जात आला. पेट्या पाठवायच्या आणि पट्टीची वाट बघायची. पट्टीवर नगांची संख्या, दर, वजावट, हाती येणारी रक्कम, सगळे असे. फक्त आंबा कोणी खाल्ला ते नसे. खाणारा अडत्याच्या बाजूला आणि पिकवणारा दुसऱ्या टोकाला. पुढच्या वर्षी चांगल्या आंब्याची आठवण ठेवून कोणी विचारणा केली, तर ती अडत्याच्या गाळ्यावर व्हायची. फोन हातात आला आणि ही भिंत पडली. बागेतला आंबा थेट डोंबिवलीच्या, कोथरूडच्या घरी जाऊ लागला. हा बदल खरा आहे, मोठा आहे, आणि त्याचे श्रेय या नव्या माध्यमांना द्यायलाच हवे. ज्यांच्याकडे वर्तमानपत्रात जाहिरात द्यायला पैसे नव्हते त्यांना दुकान मांडायला जागा मिळाली.

पण ती जागा भाड्याची आहे, आणि तिचा भाडेकरार आपण वाचलेला नाही. पानावरचा फॉलोअर आपला वाटतो. त्याच्यापर्यंत आपली पोस्ट जाऊ द्यायची की नाही हे मात्र मालक ठरवतो. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की यापुढे लोकांना घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्ट आधी दिसतील, व्यवसायांच्या मागाहून. कष्टाने फॉलोअर जमवलेल्या असंख्य पानांची पोच त्यानंतर घटली, आणि तीच पोच विकत घेण्याचे बटण समोर होते. यात कपट शोधण्याचे कारण नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीचे २०२३ चे उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होते आणि त्यातले जवळजवळ १३२ अब्ज जाहिरातींतून आलेले होते. जागा विकणे हाच ज्याचा धंदा, तो ती कायम फुकट देईल असे समजणे ही आपली चूक.

पुढचे दाखले सगळ्यांच्या आठवणीतले आहेत. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. निर्णयामागची कारणे राष्ट्रीय सुरक्षेची होती, तो वाद इथे नाही. पण गावागावांतल्या ज्या लोकांनी आपला सगळा प्रेक्षक त्या एकाच जागी जमवला होता, त्यांच्याकडे त्या प्रेक्षकांपर्यंत पोचण्याची दुसरी वाट नव्हती. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदमच सुमारे सहा तास बंद पडली. जगभरात ज्यांची दुकाने त्यांवरच चालत होती त्यांचे गल्ले तेवढा वेळ मुके झाले. मार्च २०२४ मध्ये गूगलने बिझनेस प्रोफाइलमधून फुकट बनवून दिलेल्या छोट्या वेबसाइट बंद केल्या. त्या पत्त्यांची कार्डे छापून वाटलेल्या दुकानदारांना ती कार्डे रद्दीत टाकावी लागली. कारणे निरनिराळी होती. सरकारचा आदेश, तांत्रिक बिघाड, कंपनीचे बदललेले धोरण. परिणाम एकच: ज्याच्याकडे स्वतःची वही होती तो दुसऱ्या दिवशी कामाला लागला, आणि ज्याच्याकडे नव्हती तो पुन्हा पहिल्या पायरीवर आला.

वहीचा दुसरा अर्थ हिशोबाची वही, आणि तिथे तर अंधार जास्त आहे. ‘बूस्ट’ बटण दाबून पैसे भरणारा माणूस बहुधा असे समजतो की आपण जाहिरातीची जागा ठरलेल्या दराने घेतली. तसा ठरलेला दर तिथे नसतोच. तिथे क्षणोक्षणी लिलाव चालतो. एकाच माणसाच्या डोळ्यांसमोर यायला अनेक जाहिरातदार बोली लावतात, आणि बोलीची रक्कम, त्या माणसाने प्रतिसाद देण्याची शक्यता आणि जाहिरातीचा दर्जा यांवर निकाल लागतो. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात आंबेवाला ज्या गिऱ्हाइकासाठी बोली लावतो, त्याच गिऱ्हाइकासाठी सोन्याच्या मोठ्या पेढ्याही लावत असतात. शिवाय यंत्र सांगितल्या कामाचे असते. लाइक मिळव म्हटले की ते लाइक करण्याची सवय असलेली माणसे शोधून आणते. त्यांतल्या किती जणांना आंबा विकत घ्यायचा आहे हे आपण त्याला विचारलेलेच नसते.

उदाहरणादाखल साधा हिशोब मांडू. समजा, एक डझन आंबा नऊशे रुपयांना विकला. बागेचा खर्च, फवारणी, राखण, तोडणी, खोके, पेंढा आणि वाहतूक जाऊन हाती दोनशे रुपये राहिले. जाहिरातीला पाच हजार भरले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे नऊशे. ताज्या आंब्यावर जीएसटी नसल्यामुळे नुसता आंबा विकणाऱ्याला हा भरलेला कर वजाही करून घेता येत नाही. एकूण खर्च पाच हजार नऊशे. चौकशीचे मेसेज दोनशे आले, घरात आनंद झाला; डझनाच्या ऑर्डरी निघाल्या बावीस. म्हणजे एका ऑर्डरीमागे जाहिरातीचा खर्च दोनशे अडुसष्ट रुपये, आणि सुटले दोनशेच. दर डझनामागे अडुसष्ट रुपये पदरचे गेले. स्क्रीनवर मात्र पोच वाढल्याचा हिरवा बाण दिसतो.

आता याच हिशोबाची पुढची ओळ बघा. या बावीस जणांची नावे नंबरांसकट वहीत उतरवली, मे महिन्यात प्रत्येकाला फोन केला, आणि त्यांतल्या अकरा जणांनी आणखी दोन-दोन डझन मागवले. या वेळी जाहिरातीचा खर्च शून्य. नफ्यात चार हजार चारशेची भर पडते आणि सगळा व्यवहार तोट्यातून निघून दोन हजार नऊशेच्या फायद्यात येतो. पहिली विक्री जाहिरात करून देते. धंदा टिकतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या विक्रीवर. ती विक्री वहीतून होते. वही नसेल तर दर वर्षी तेच गिऱ्हाईक नव्याने विकत घ्यावे लागते, आणि दर वर्षी चढत्या बोलीने.

आपल्याकडे हे कोणाला सुचलेच नव्हते असे नाही. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे स्वतःचे मुखपत्र काढले. लोखंडी नांगर करणाऱ्या कारखान्याला जाहिरातीपुरती दुसऱ्यांची वर्तमानपत्रे होतीच. तरीही आपल्या माणसांशी आपल्या शब्दांत बोलायला आपले पान हवे, हे त्या मंडळींना शंभर वर्षांपूर्वी उमगले होते. पुढे त्याच पत्राचे मराठीतले एक मोठे मासिक झाले. आज तेवढा छापखाना कोणाला उभारायचा नाही. स्वतःच्या नावावरचे डोमेन, त्यावरचे दोन पानांचे संकेतस्थळ आणि गिऱ्हाइकांची यादी, एवढ्यात ते काम होते.

इथे आणखी एक धोका सांगितला पाहिजे, कारण तो घरच्याच माणसांकडून येतो. दुकानाचे पान भाच्याने आपल्या ईमेलवरून उघडलेले असते. वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलेले असते. जाहिरातीचे खाते एजन्सीचे असते, आणि गूगलच्या नकाशावरच्या दुकानाचे मालकपण कोणाकडे आहे हे कोणालाच आठवत नसते. संबंध गोड असेपर्यंत सगळे ठीक चालते. भाचा नोकरीला बंगळुरूला गेला, एजन्सीशी पैशांवरून बिनसले, की आपल्याच दुकानाची किल्ली मागत फिरावे लागते. दुकानाचा गाळा दुसऱ्याच्या नावावर घ्यायला आपण कधी तयार होत नाही. मग इथे का होतो? काम कोणालाही द्यावे. नोंदणी, ईमेल, मोबाइल नंबर आणि मालकी आपल्या नावावर असावी. दुसऱ्याला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्यावा आणि गरज संपली की काढून घ्यावा.

घाईने केलेल्या गोष्टींचीही किंमत मोजावी लागते. विकत घेतलेले फॉलोअर काहीच विकत घेत नाहीत, उलट पोस्टला प्रतिसाद मिळत नाही हे यंत्राला कळते आणि पोच आणखी घटते. नातेवाइकांकडून लिहून घेतलेले पाच ताऱ्यांचे अभिप्राय वाचणाऱ्याला ओळखू येतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली कारवाई होऊ शकते. कुठून तरी मिळवलेल्या नंबरांवर एकगठ्ठा मेसेज पाठवले की लोक तक्रार करतात आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबरच बंद करते. वर्षानुवर्षे पाटीवर छापलेला नंबर एका दुपारीत जातो. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी तर मुळात ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांच्यापर्यंतच पोचते. या नियमात शहाणपण आहे. ज्याने आपले नाव लिहून ठेवले तोच आपला. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचाही गाभा संमती हाच आहे. नंबर लिहून घेताना ‘पुढच्या हंगामात कळवू का?’ एवढे विचारावे, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचे नाव खोडावे. वही आपली असली तरी तिच्यातली माणसे आपल्या मालकीची नाहीत.

म्हणून मला वाटते की छोट्या व्यावसायिकाने शिकण्याचा क्रम उलटा करावा. आधी वही, मग हिशोब, मग कुलूप, आणि शेवटी रील. नकाशावर पत्ता, वेळ आणि फोन अचूक असावा, कारण ज्याला आत्ता दुकान हवे आहे तो तिथे शोधतो. प्रत्येक खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावावे आणि घरातल्या दुसऱ्या विश्वासू माणसाला अ‍ॅडमिन करावे. ओटीपी कोणालाही सांगू नये आणि मेसेजमधल्या लिंकवर टाकूही नये. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जाहिरात द्यावी, पण दर ऑर्डरीमागे किती खर्च झाला हे लिहिल्याशिवाय पुढचा रुपया भरू नये. आणि विकायला घेतलेल्या मालाबद्दल खरे तेच सांगावे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते कोकणच्या नावाने परक्या मुलखातला आंबा खपू नये म्हणूनच. ज्याचा आंबा खरा आहे त्याच्याकडे सांगायला पुष्कळ आहे. मोहर कधी आला, अवकाळी पावसाने काय केले, पहिली तोड कधी झाली. हे भाड्याने घेतलेल्या सुंदर शब्दांपेक्षा जास्त काळ लक्षात राहते.

त्या पडवीत त्या दिवशी दुपारी वहिनी आतून एक जाडजूड वही घेऊन आल्या. ‘अहो, पार्सलच्या चलनाची वही आहे ना,’ एवढेच त्या म्हणाल्या. गेल्या तीन हंगामांत पेटी गाडीत चढवताना प्रत्येक चलनाची नक्कल त्या लिहून ठेवत आल्या होत्या. नाव, गाव, फोन, किती डझन. सवय म्हणून. संध्याकाळपर्यंत दोघांनी आळीपाळीने फोन केले. सगळ्या पेट्या काही खपल्या नाहीत. उरलेल्या वाशीला गेल्या आणि पडेल त्या दराने विकल्या गेल्या. पण हंगाम वाचला तो त्या वहीने. हरवलेले पान अजून परत मिळालेले नाही.

तुमचे दुकान कशाचेही असो, आज रात्री गल्ला मोजून झाला की एक वही उघडा आणि तुमच्याकडे दुसऱ्यांदा आलेल्या वीस गिऱ्हाइकांची नावे आणि नंबर लिहून काढा. वीस आठवली नाहीत, तर पुढच्या जाहिरातीचे पैसे भरण्याआधी थांबा.