गाडीच्या नंबरातील एक आकडा

सुरतेहून नवापूरमार्गे नंदुरबारला साड्यांच्या गाठी आणायच्या, तर पूर्वी बिल आणि बिल्टी मुख्य असे. 1 एप्रिल 2018 पासून 50 हजारांवरच्या परराज्यातील मालाला ई-वे बिल लागते. सुरतेचा व्यापारी मालाची माहिती संगणकात भरतो, ट्रान्सपोर्टवाला गाडीचा नंबर टाकतो आणि तेच रस्त्यावरच्या अधिकाऱ्याला मोबाईलवर दिसते. सोय चांगली आहे, हे आम्ही मान्य करतो.

पण आमच्या एका खेपेत नंबराचा एक आकडा चुकला. गाडी रात्रभर उभी! ड्रायव्हरने घाबरून फोन केला, 20 हजार लागतील. हिशेब असा की 2 लाखांच्या कापडावर 5 टक्क्यांनी कर 10 हजार, आणि दंड त्याच्या दुप्पट. वास्तविक केंद्राच्या 14 सप्टेंबर 2018 च्या परिपत्रकाप्रमाणे (क्रमांक 64) नंबरातील एक-दोन अक्षरांची चूक किरकोळ समजतात; दंड एकूण 1000 रुपये. परिपत्रकाची प्रत पुढे केल्यावर तेवढ्यावरच सुटका झाली.

आपल्यातले पुष्कळजण इंग्रजी पडदा दिसताच मोबाईल पोराच्या हाती देतात. आम्हीही उर्दू शाळेतलेच. पण आकडे वाचायला इंग्रजी कशाला हवी? गाडी निघण्यापूर्वी नंबर फोनवरून ताडून घ्यावा. वाटेत गाडी बिघडली, तर मुदत (200 किलोमीटरला एक दिवस) संपण्याच्या 8 तास आधी किंवा नंतर वाढवता येते. वाढवायची ट्रान्सपोर्टवाल्याने, आठवण मात्र आपणच द्यावी लागते.