उपवास कुणासाठी?

नवरात्रात अमरावतीला माहेरी गेले होते. अंबादेवीच्या रांगेत पुढची बाई सांगत होती, "नऊ दिवस निरंकार करतो मी. पुण्यबी भेटते अन् वजनबी उतरते." आम्ही हसलो. मैत्रिणींनो, उठता-बसता उपवास मीही धरते. देवीशी माझं भांडण नाही.

अकोल्याला परतले, तर पुतणी सोमवार, गुरुवार, शनिवार धरून बसलेली. "काकू, मागचे पाहुणे 'मुलगी अंगानं जास्त' म्हणून गेले." तिचं हिमोग्लोबिन आठ. सासूबाई मात्र कौतुकानं सांगतात, पोरगी देवभोळी! डाएट म्हटलं असतं तर घरानं टोकलं असतं. देवाचं नाव घेतलं की उपाशी पोरीला कुणी विचारत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये रक्तक्षय २०१५-१६ ला ४८ टक्के होता, २०१९-२१ ला ५४ टक्के. यात उपवास किती आणि शेवटी जेवणं किती, कोण मोजणार? सगळा धर्म बाईच्याच गळ्यात का, हे आपल्याच वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली विचारलं होतं. पाहुण्यांच्या पोटाचा घेर तर आमच्याकडे कुणी पाहिलाच नाही.

पुतणीला मी देव सोड म्हटलं नाही. गुरुवारी तिच्यापुढे भाकरी-झुणका ठेवला. अर्धी भाकरी खाल्ली तिनं. अर्धी झाकून ठेवली आहे.