पुरंदरची न उघडलेली बँक : सर विल्यम वेडरबर्न यांचे मोजमाप कशाने करावे?

१/१२
कात्रजहून कोंढव्यामार्गे बोपदेव घाट ओलांडला की पुरंदर तालुका लागतो. १८८० च्या दशकात येथे शेतकऱ्यांसाठी एक बँक निघणार होती. ती निघाली नाही. तिच्यासाठी झटणारा स्कॉटिश अधिकारी पुढे ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद आणि दोनदा काँग्रेसचा अध्यक्ष झाला. #धागा

२/१२
विल्यम वेडरबर्न यांचा जन्म १८३८ चा, एडिंबरा येथील. थोरला भाऊ जॉन १८५७ च्या उठावात हिसारला मारला गेला. तीनच वर्षांनी विल्यम मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेत रुजू झाले. अशा घरातून सूडबुद्धीचा अधिकारी निपजता, तरी कोणास नवल वाटले नसते.

३/१२
१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले. दंगे पुढे अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. जमावाचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर आणि खातेवह्यांवर. जमीन गिळणारा कागदच जाळायचा, हा त्यामागचा हिशेब.

४/१२
सरकारने १८७९ मध्ये कायदा करून कर्जरोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. पण हा इलाज अर्धाच होता. सावकाराला आवर घातला, तरी पुढच्या पेरणीसाठी पैसा कोण देणार, या प्रश्नाला कायद्यात उत्तर नव्हते.

५/१२
ते उत्तर न्यायाधीश असलेल्या वेडरबर्न यांनी न्यायमूर्ती रानडे यांच्या साहाय्याने शोधले. एका तालुक्यापुरती शेतकी बँक काढावी. जुन्या कर्जांचा निपटारा करून शेतकऱ्याला मोकळे करावे. पुढे माफक व्याजाने कर्ज द्यावे. प्रयोगासाठी तालुका निवडला पुरंदर.

६/१२
व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारला योजना पटली. अर्थखाते सांभाळणारे एव्हलिन बेअरिंगही अनुकूल होते. १८८४ मध्ये शिफारस लंडनला गेली. भारतमंत्र्यांनी मान्यता नाकारली. पुरंदरच्या शेतकऱ्याचा प्रश्न त्याला कधीही न पाहिलेल्या माणसांनी निकालात काढला.

७/१२
वेडरबर्न यांच्या चरित्रात हे प्रकरण बहुधा एका ओळीत उरकले जाते. वास्तविक तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. कारण पुढच्या सोळा वर्षांत दख्खनवर १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन भीषण दुष्काळ कोसळले. एका तालुक्याच्या बँकेने दुष्काळ टळला नसता. पण स्वस्त कर्जाची वाट वेळेवर खुली झाली असती.

८/१२
१८८७ मध्ये ते निवृत्त झाले. १८८९ मध्ये मुंबई काँग्रेसचे अध्यक्षपद, त्याच वर्षापासून काँग्रेसच्या लंडनमधील ब्रिटिश कमिटीचे नेतृत्व, १८९३ ते १९०० बॅन्फशायरचे खासदार. भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगाचेही ते सभासद होते. याच आयोगापुढे १८९७ मध्ये गोखल्यांनी साक्ष दिली. जे दार नोकरीत असताना बंद झाले, तेच त्यांनी आता आतून ठोठावले.

९/१२
आक्षेप येईल : ते साम्राज्याचे विरोधक कुठे होते? नव्हतेच. ब्रिटिश जनतेला सत्य समजले की न्याय मिळेल, अशी त्यांची श्रद्धा होती. परंतु पुरंदरचे प्रकरणच या श्रद्धेविरुद्धचा पुरावा आहे. तेथे अभ्यास होता, स्थानिक सहकार्य होते, खुद्द व्हाइसरॉयचा पाठिंबा होता. तरीही नकारच आला.

१०/१२
उलट टोकाची अतिशयोक्तीही नको. त्यांना ‘सहकाराचे जनक’ म्हणणे चूक ठरेल. १९०४ च्या कायद्याने आलेल्या सहकारी पतसंस्थांची घडण निराळी होती. आज ‘कात्रज’ नावाने दूध विकणारा पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ सभासदांच्या मालकीच्या तत्त्वावर उभा आहे. पुरंदरच्या योजनेत शेतकरी ऋणको होता, मालक नव्हे.

११/१२
१९१० मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ते अलाहाबाद काँग्रेसचे अध्यक्षपद स्वीकारण्यासाठी पुन्हा भारतात आले. हिंदू-मुस्लिम समेटासाठीही त्यांनी खटपट केली. १९१८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

१२/१२
वेडरबर्न यांना कृतज्ञतेने स्मरावे, पण पुरंदरचा नकार वगळून नव्हे. त्यांच्या पदांची यादी एका सज्जन माणसाची ओळख करून देते. ती न उघडलेली बँक मात्र सांगते, की निर्णयाचा अधिकार दूरदेशी असेल, तर सज्जनांची सदिच्छा शिफारशीपाशीच थांबते. स्वराज्याची मागणी का अटळ होती, हे कळण्यास पुरंदर पुरेसे आहे.